जुन्या मनगटी घड्याळाचा सेल: नेमका कोणता, आणि तो कसा शोधायचा

मागचं झाकण उघडायचं, आतला सेल दुकानात दाखवायचा आणि तसाच दुसरा आणायचा, असं हे काम वरवर वाटतं. दोन-तीन वर्षं वापरलेल्या घड्याळाला ते चालतंही. पंधरा-वीस वर्षांच्या घड्याळाचा सेल मात्र एव्हाना पाच-सहा वेळा बदललेला असतो, आणि एखाद्या वेळी दुकानदाराकडे नेमका सेल नव्हता म्हणून त्याने जवळपासच्या मापाचा बसवून दिलेला असतो. पुढची प्रत्येक बदली मग त्या तडजोडीची नक्कल होते. म्हणून आत सापडलेल्या सेलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मशीनवरचा (म्हणजे काटे चालवणाऱ्या आतल्या यंत्रावरचा) आकडा आणि सेलच्या खोबणीचं माप, या दोन गोष्टी त्याच्यापेक्षा खऱ्या.

आधी, त्यात सेल आहे का?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण आजोबांच्या कपाटातून निघालेली एचएमटी जनता किंवा पायलट "सेल गेलाय" म्हणून दुकानात येते, तेव्हा त्यात सेल कधी नव्हताच. ती चावीची घड्याळं. चावी वीस-पंचवीस वेळा फिरवली आणि सेकंद काटा बारीक टिकटिक करत, जवळपास सरकत चालू लागला, तर मशीन स्प्रिंगवर चालतं. सेलवर चालणाऱ्या, म्हणजे क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंद काटा सेकंदाला एकदाच उडी मारतो, आणि तबकडीवर बहुधा "क्वार्ट्झ" लिहिलेलंही असतं.

दुसरी गल्लत सोलर घड्याळांची. तबकडीवर इको-ड्राइव्ह, टफ सोलर, सोलर किंवा कायनेटिक (हे उजेडावर नाही, हाताच्या हालचालीवर चार्ज होतं) असं काही असेल, तर आत पुन्हा चार्ज होणारा सेल किंवा वीज साठवणारा कपॅसिटर असतो. कॅसिओच्या अनेक सोलर घड्याळांत सीटीएल १६१६ असतो. तो दिसायला आणि मापाला थेट सीआर १६१६ सारखा. सीआर चार्ज होण्यासाठी बनलेला नाही. तो बसवला तर घड्याळाचं सर्किट त्याला चार्ज करत राहतं, सेल फुगतो, गळतो आणि मशीन घेऊन जातो. सोलर घड्याळ बंद पडलं तर सेल मागवण्याआधी दोन-तीन दिवस खिडकीतल्या उजेडात ठेवून पाहा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको, तिथली उष्णता सेलला मारते.

क्वार्ट्झ काटेवालं घड्याळ अजून चालू असेल आणि सेकंद काटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारत असेल, तर ते बिघडलेलं नाही. सेल संपत आल्याची ती खूण आहे. जपानी मशीनमध्ये सहसा दोन सेकंदांची उडी, स्विसमध्ये चारची. ही सोय सगळ्या मशीनमध्ये नसते.

झाकण

तीन प्रकार भेटतात. कडेला छोटी खाच असेल तर ते दाबून बसवलेलं झाकण. खाच भिंगातून शोधा, बहुतेकदा ती पट्ट्याच्या जोडाजवळ असते. तिथे झाकण उघडायची बोथट सुरी लावून पिळायचं, ढकलायचं नाही, कारण घसरलेली सुरी आधी अंगठ्यात जाते आणि मग झाकणावर कायमचा ओरखडा सोडते. कडेने सहा-आठ चौकोनी खाचा असतील तर झाकण आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. त्याला दोन-तीन टोकांची चावी लागते. झाकण फार घट्ट नसेल तर चिकट पकडीचा रबरी बॉल दाबून फिरवला तरी निघतं. चार बारीक स्क्रू दिसले तर काम सोपं, फक्त स्क्रू ड्रायव्हर नेमक्या मापाचा हवा. डोकं घासलं गेलं की तो स्क्रू नंतर कुणालाच निघत नाही.

मागे स्क्रू नाहीत, खाच नाही, आटे नाहीत, असं घड्याळ काचेच्या बाजूने उघडतं. ते घरी उघडू नका.

मुसळधार पावसाच्या दिवशी झाकण उघडायचं टाळा, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर नक्कीच. आत अडकलेली दमट हवा नंतर काच गार पडली की आतून धुकं होऊन बसते.

झाकण निघालं की त्याची आतली बाजू आधी वाचा. जुने घड्याळजी तिथे सुईने बारीक तारीख, खूण किंवा सेलचा नंबर कोरून ठेवतात. तिथे तीन-चार तारखा सापडल्या आणि त्यांच्यात सहा-सहा महिन्यांचंच अंतर दिसलं, तर अडचण सेलच्या पुढची आहे. त्याबद्दल खाली.

नंबर कुठे कुठे असतो

सेलच्या मोठ्या, सपाट बाजूवर अधिक चिन्हाजवळ नंबर असतो. तो लिहून घ्या आणि सेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती बाजू वर होती ते त्यात दिसायला हवं. मग मशीनकडे पाहा. धातूच्या पट्टीवर किंवा काळ्या प्लॅस्टिकवर, कधी सेलच्या खोबणीच्या कडेलाच, सेलचा नंबर छापलेला असतो. तो नसला तरी मशीनचा नंबर असतो: मियोटा २०३५, रोंडा ५१५ असं काही. तोच सर्वात पक्का धागा. मियोटा २०३५ ला एसआर ६२६ एसडब्ल्यू लागतो, रोंडा ५१५ ला ३७१. दोन्ही मशीनं शेकडो ब्रँडांच्या घड्याळांत बसवलेली असतात, त्यामुळे तबकडीवरचं नाव कोणतंही असो, सेल मशीनप्रमाणे घ्यायचा. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक नंबरचा तक्ता मिळतो.

सेको आणि सिटिझनच्या झाकणावर बाहेरून डॅशने जोडलेला लांब नंबर असतो. डॅशच्या आधीची पहिली चार अक्षरं म्हणजे मशीन. कॅसिओच्या झाकणावर चौकटीत तीन किंवा चार आकडी मॉड्यूल नंबर, म्हणजे मशीनचाच नंबर असतो. एफ-९१डब्ल्यूवर ५९३, आणि त्याला सीआर २०१६ लागतो. एई-१२०० चा सीआर २०२५.

नंबर वाचायचा कसा

एकाच सेलला तीन-चार नावं असतात आणि दुकानातला निम्मा गोंधळ तिथलाच. आपल्याकडे सर्वात जास्त खपणारा एक सेल घेऊन पाहू: एसआर ६२६ एसडब्ल्यू.

एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट. त्याच जागी एलआर असतं तर अल्कलाइन, १.५ व्होल्ट. सीआर असतं तर लिथियम, ३ व्होल्ट. ६२६ मधला ६ म्हणजे व्यास साडेसहाच्या पुढे, प्रत्यक्षात ६.८ मिमी. २६ म्हणजे जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागांत, म्हणजे २.६ मिमी. शेवटचं एसडब्ल्यू म्हणजे थोडा करंट घेणाऱ्या, फक्त काट्यांच्या घड्याळासाठी. नुसतं डब्ल्यू असेल तर दिवा, अलार्म, स्टॉपवॉच अशा जास्त करंट खेचणाऱ्या घड्याळासाठी.

हाच सेल तीन आकडी पद्धतीत ३७७. त्याचा जुळा भाऊ एसआर ६२६ डब्ल्यू म्हणजे ३७६. दोघांचं माप एकच. आतलं द्रावण वेगळं: एसडब्ल्यूमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, डब्ल्यूमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड. साध्या काट्यांच्या घड्याळात ३७६ चालतो, फक्त ३७७ जास्त काळ गळतीशिवाय टिकतो. उलट केलं, दिव्याच्या डिजिटल घड्याळात एसडब्ल्यू बसवला, तर दिवा लावला की आकडे फिके पडतात किंवा घड्याळ रीसेट होतं. इतर मापांतही अशाच जोड्या आहेत: ३७१ आणि ३७०, ३९५ आणि ३९९, ३६२ आणि ३६१, ३९७ आणि ३९६, ३८४ आणि ३९२. प्रत्येक जोडीत पहिला थोड्या करंटचा, दुसरा जास्त करंटचा.

सेलवर कधी एसआर ६६ असं दोनच आकडी नाव असतं. तेही ६२६ च. या जुन्या पद्धतीत आकड्यांवरून माप काढता येत नाही. एसआर ४४ चा व्यास ४ मिमी नसतो, ११.६ असतो.

व्यासानुसार लक्षात ठेवायला सोपं जातं. ४.८ मिमीचा ३३७ लहानशा लेडीज घड्याळांत येतो. ५.८ चा एसआर ५२१, म्हणजे ३७९, नाजूक मशीनचा. ६.८ मिमीत तीन जाड्या: ६१६ म्हणजे ३२१, ६२१ म्हणजे ३६४, ६२६ म्हणजे ३७७. ७.९ मिमीत ७२१ (३६२), ७२६ (३९७) आणि ३.६ मिमी जाडीचा एसआर ४१ (३८४). ९.५ मिमीत ९१६ (३७३), ९२० (३७१), ९२७ (३९५) आणि ९३६ (३९४). ११.६ मिमीचे जुन्या, दणकट घड्याळांत आणि डिजिटलमध्ये: ११२० (३८१), ११३० (३९०), ४.२ मिमीचा एसआर ४३ (३०१) आणि सर्वात जाड एसआर ४४.

चिनी सेलच्या पट्टीवरचे एजी नंबर वेगळेच: एजी ४ म्हणजे ६२६ चं माप, एजी १ म्हणजे ६२१, एजी १३ म्हणजे एलआर ४४, एजी ३ म्हणजे एलआर ४१. हे सगळे अल्कलाइन.

इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात. पट्टीवर "एजी ४ / ३७७ / एसआर ६२६ / एलआर ६२६" अशी चारही नावं एकत्र छापलेली असतील, तर आत अल्कलाइन आहे असं समजा. खरा सिल्व्हर ऑक्साइड बनवणारी कंपनी आपल्या सेलला एलआर म्हणत नाही. सेलवर फक्त ३७७ किंवा एसआर ६२६ एसडब्ल्यू असतं, सोबत कंपनीचं नाव आणि कोणत्या देशात बनला ते, आणि पॅकवर वापरायची शेवटची तारीख.

अल्कलाइन का नको

हिशोब करून पाहिला की लगेच पटतं. काट्यांचं चांगल्या स्थितीतलं क्वार्ट्झ मशीन साधारण १ मायक्रोअँपिअर करंट घेतं. ३७७ ची क्षमता कंपनीनुसार २४ ते २८ मिलिअँपिअर-तास. मधला २६ धरला तर २६,००० तास, म्हणजे जवळपास तीन वर्षं. त्याच मापाच्या अल्कलाइनची क्षमता आधीच कमी, आणि तीही पूर्ण वापरता येत नाही. सिल्व्हर ऑक्साइड शेवटपर्यंत जवळपास १.५५ व्होल्ट देत राहतो आणि मग एकदम खाली येतो. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतारावर असतो. मशीनला चालायला किमान जेवढा लागतो त्याच्या खाली तो आला की घड्याळ थांबतं, सेलमध्ये बरीच वीज शिल्लक असली तरी. संपत आल्याची खूण देणारी मशीनं तर अल्कलाइन बसवल्यावर काही महिन्यांतच दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतात.

त्याहून मोठं नुकसान गळतीचं. संपलेला अल्कलाइन सेल आत राहिला की पोटॅशचं द्रावण बाहेर येतं आणि तांब्याचे पातळ संपर्क, म्हणजे सेलला टेकणाऱ्या पट्ट्या, खातं. घड्याळ चारशेचं असेल तर असो. वडिलांचं असेल तर सेलमध्ये काटकसर करू नका.

मल्टिमीटर असला तरी फसगत होऊ शकते. नवा सिल्व्हर ऑक्साइड १.५५ च्या वर दाखवतो, पण अर्धा वापरलेलाही १.५५ च दाखवतो. १.५ च्या खाली गेलेला मात्र बदलायचाच. सीआर सेल नवा असताना ३ व्होल्टच्या वर असतो. २.७ च्या आसपास आला की डिजिटलचे आकडे फिके पडायला लागतात.

मोजमाप: नंबर पुसला असेल तेव्हा

सेलवरचे आकडे गेलेले, मशीनवरही काही दिसत नाही, अशी घड्याळं येतातच. मग व्हर्नियर कॅलिपर लागतो. पट्टीने व्यास कळेल, जाडी नाही, आणि इथे सगळा खेळ जाडीचा आहे. ६२१ आणि ६२६ यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो.

जिवंत सेल मोजताना एक सांभाळा: कॅलिपरचे लोखंडी जबडे सेलच्या दोन्ही सपाट बाजूंना लागले की तो शॉर्ट होतो आणि मोजता मोजता रिकामा होतो. प्लॅस्टिकचा कॅलिपर वापरा, किंवा एका बाजूला कागदाचा तुकडा ठेवून मोजा आणि कागदाचे ०.१ मिमी वजा करा. कॅलिपर नसेल तर एक जुगाड आहे. साधा ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. असे २१ कागद आणि २६ कागद घट्ट दाबून दोन गठ्ठे करा आणि सेल शेजारी आडवा ठेवून नजरेने ताडून पाहा. ३६४ की ३७७, हे एवढ्यावर कळतं.

आता आतला सेल आणि खोबण यांची तुलना करा. खोबणीच्या भिंती सेलला सगळीकडून लागायला हव्यात. बसवलेला सेल वरून मशीनच्या पातळीला येतो किंवा केसभर वर राहतो. तो खोल बसलेला दिसला, वरच्या पट्टीखाली घडी केलेला चांदीचा कागद किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला, तर आधीच्या माणसाने पातळ सेल बसवून भरती केली आहे. ३७७ च्या जागी ३६४ घालून खाली फॉइल दाबणं हा रस्त्यावरचा सर्वात नेहमीचा उपाय. चालतो, पण मनगटाला धक्का बसला की संपर्क तुटतो, काटा थांबतो, टेबलावर ठेवलं की पुन्हा सुरू होतो. असं "कधी चालतं कधी बंद" घड्याळ आलं की प्रथम सेलची जाडी तपासा.

उलट चूक जास्त महाग पडते. ३६४ च्या खोबणीत ३७७ कोंबला की संपर्काची पट्टी कायमची वाकते आणि झाकण लावताना सेल मशीनवर दाबला जातो. नंतर योग्य सेल आणला तरी वाकलेली पट्टी त्याला टेकत नाही. ती चिमट्याने किंचित उचलून पूर्ववत करता येते, पण दोन-तीनदा वाकवली की मोडते.

काही सेल मापाने जुळतात आणि तरी चालत नाहीत. सीआर ९२७ आणि एसआर ९२७ यांचं माप सारखंच, पण पहिला ३ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या मशीनमध्ये दुप्पट दाब दिला तर सर्किट जाऊ शकतं. औषधाच्या दुकानातले श्रवणयंत्राचे सेलही असेच फसवतात: ३१२ नंबरचा सेल मापाने थेट एसआर ४१. तो झिंक-एअर असतो, चिकटपट्टी काढल्यावर हवेवर चालतो आणि काही आठवड्यांत सुकून जातो. तीन आकडी नंबर दिसला म्हणजे घड्याळाचाच, असं नाही.

बसवताना

प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. लोखंडी चिमट्याने सेल दोन्ही बाजूंनी धरला की पुन्हा तेच शॉर्ट. बोटांनी धरायचाच तर कडेने धरा, आणि बसवण्याआधी कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. बोटांचा घाम आणि तेल संपर्कावर गंज आणतं.

जुना सेल काढायच्या तीन तऱ्हा आहेत. कडेला स्प्रिंगची पट्टी असेल तर ती बाजूला दाबा, सेल आपोआप वर येतो. वरून स्क्रूने आवळलेली पट्टी असेल तर स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. तो खाली पडला की गालिचातून मिळत नाही. डिजिटलमध्ये स्टीलची आडवी क्लिप असते. तिच्या एका टोकाचा हुक टोकदार वस्तूने आत दाबला की ती उघडते. तिथेच कुठेतरी एक केसाएवढ्या तारेची स्प्रिंग उभी असते, झाकणाला टेकलेली. अलार्मचा आवाज तिच्यातूनच झाकणापर्यंत जातो. सेल बदलल्यावर अलार्म मुका झाला, तर ती स्प्रिंग टेबलाखाली शोधा.

सेलच्या शेजारी तांबूस, गुंडाळलेल्या तारेचं रीळ दिसेल. ती तार केसाहून बारीक असते. स्क्रू ड्रायव्हर एकदा घसरून तिच्यावर घासला की मशीन गेलं. सेल काढताना कधीही तिच्या बाजूने जोर लावू नका.

काट्यांच्या बहुतेक मशीनमध्ये नंबर लिहिलेली अधिक बाजू वर राहते, पण आधी काढलेला फोटोच प्रमाण माना. नवा सेल बसवला की सेकंद काटा दोन-तीन सेकंदांत हलायला हवा. नाही हलला तर चावी आत पूर्ण दाबली आहे का ते पाहा, कारण बाहेर ओढलेल्या चावीवर क्वार्ट्झ थांबलेलंच राहतं. मग सेलखालची पारदर्शक प्लॅस्टिकची चकती जागेवर आहे का, संपर्काची पट्टी सेलला टेकते का ते तपासा. डिजिटलचे आकडे भलतेच दिसले तर मशीनवर "एसी" लिहिलेला बिंदू शोधा. चिमट्याचं एक टोक त्या बिंदूवर आणि दुसरं सेलच्या अधिक बाजूवर, दोन सेकंद. इथे मात्र लोखंडी चिमटाच लागतो.

खोबणीत पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर आधीचा सेल गळला आहे. टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला करा, थर पुसा, लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. थेंब पडेल एवढा ओला नको. रिळापर्यंत थर गेलेला असेल तर हात लावू नका, घड्याळजीकडे द्या.

झाकण लावण्याआधी काळी रबरी रिंग पाहा. ताणल्यावर तडे दिसले किंवा कडक वाटली तर त्याच व्यासाची नवी घ्या, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. जुनी रिंग तशीच बसवली असेल तर झाकणावर "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं असलं तरी ते घड्याळ घालून हात धुतानाही जपा. दाबून बसवायच्या झाकणात चावीच्या दांड्यासाठी एक खाच असते, ती चावीसमोरच यायला हवी. अंगठ्यांनी झाकण बसत नसेल तर योग्य मापाच्या चकत्यांचा प्रेस लागतो. व्हाइसमध्ये धरून दाबलं की काच फुटते.

सेल बरोबर, तरी सहा महिन्यांत संपतो

आधी सेल खरा होता याची खात्री करा, मग मशीनकडे वळा. वीस वर्षांत तेल सुकून चिकट होतं, गिअर जड फिरतात, आणि मोटरला तेच काम करायला जास्त करंट लागतो. १ च्या जागी ५ मायक्रोअँपिअर खेचले गेले तर ३७७ तीन वर्षांऐवजी सात महिनेच टिकतो. महागातला सेल आणून फरक पडत नाही, मशीन साफ करून तेल घालायला हवं. साध्या मियोटासारख्या मशीनच्या बाबतीत पूर्ण नवं मशीनच सर्व्हिसच्या खर्चात येतं, त्यामुळे घड्याळजी तेच सुचवतो. ते सुचवणं रास्त आहे. तारीख-वार आणि स्टॉपवॉचचं गुंतागुंतीचं मशीन असेल तर मात्र साफसफाईच बरी.

पाऱ्याच्या सेलची घड्याळं

१९६० पासून आलेली बुलोव्हा अ‍ॅक्युट्रॉन आणि त्या काळची काही इलेक्ट्रिक घड्याळं १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायची. ते सेल आता मिळत नाहीत. अ‍ॅक्युट्रॉन २१४ साठी रेनाटा कंपनीचा ३८७ एस मिळतो, तो म्हणजे प्लॅस्टिकची रिंग घातलेला ३९४. माप जमतं, व्होल्टेज मात्र १.५५. क्वार्ट्झला हा फरक जाणवत नाही, कारण वेळ ३२,७६८ हर्ट्झवर कंपणारा स्फटिक ठरवतो. अ‍ॅक्युट्रॉनचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे स्फटिकाऐवजी वेळ राखणारा कंपणारा धातूचा चिमटा, जास्त व्होल्टेजने जास्त हलतो आणि घड्याळ दिवसाला बरंच पुढे जाऊ शकतं. ते जाणकाराकडून १.५५ साठी जुळवून घ्यावं, किंवा व्होल्टेज उतरवणारा डायोड असलेला सेल वापरावा.

काढलेला सेल

टेबलावर सोडू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्याच्या डब्यात टाका. घरात लहान मूल असेल तर हे काम लगेच. विशेषतः २० मिमीचा सीआर सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठा. मूल वर्षाच्या वरचं असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका.

नव्या सेलचा नंबर आणि आजची तारीख बारीक मार्करने झाकणाच्या आत लिहा, मग झाकण लावा.